वाचकांचे प्रश्न : एमजीबी, मॅनिफोल्ड आणि वेबर कार्बोरेटर

या वेळी आलेल्या प्रश्नांतले तीन एकाच गाडीबद्दल निघाले, एमजीबी, ती जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तिघांनाही इनटेक मॅनिफोल्ड (कार्बोरेटरमधून मिश्रण इंजिनात नेणारा नळ्यांचा भाग) बदलायचाय किंवा बदलून झालाय, म्हणून तिन्ही एकत्रच घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण खरी गोम तिथेच आहे.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड) : नमस्कार काका, माझ्याकडे १९७० ची एमजीबी जीटी आहे, ओरिजिनल ट्विन एसयू एचएस४ कार्बोरेटरवाली. एका ओळखीच्या माणसाकडून ॲल्युमिनियमचा आफ्टरमार्केट मॅनिफोल्ड आणि वेबर ४५ डीसीओई कार्बोरेटर मिळाला तो बसवला. गाडी सुरू होते पण स्लोवर थरथरते, २००० आरपीएमच्या आसपास हलक्या पायाने चालवली की गचके देते आणि कार्बच्या तोंडातून फट् फट् आवाज येतो. चोक (कार्बमधला हवेचा अरुंद गळा) ३६ चे आहेत, मेन जेट १४५ चा काढून १५५ टाकला तरी फरक नाही. अजून मोठा टाकू का? आणि एकूण पॉवर किती वाढेल?

उत्तर : नाही, मेन जेटला आता हात लावू नका, उलट १४५ परत टाका. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोक. हलक्या थ्रॉटलवर २००० ला मेन जेटचं काम सुरूच झालेलं नसतं, तिथे गाडी आयडल जेट आणि प्रोग्रेशनच्या (स्लोवरून मेनवर जाताना पेट्रोल देणाऱ्या) बारीक भोकांवर चालते, त्यामुळे मेन कितीही मोठा केला तरी तुमच्या गचक्यांना त्याचं काही पोचत नाही. तोंडातून फट् होणं म्हणजे बहुतेक वेळा मिश्रण लीन, आणि लीन व्हायची कारणं दोनच, एकतर पेट्रोल कमी पडतंय नाहीतर कुठूनतरी चोरून हवा आत येतेय. नवा मॅनिफोल्ड बसवलेल्या गाडीत मी नेहमी हवेपासूनच सुरुवात करतो. हवा लीक असताना जेट बदलत बसलात तर लीकच्या मापाचे जेट बसतात, आणि उद्या लीक बंद झालं की सगळं परत पहिल्यापासून.

एमजीबीच्या बी-सीरीज इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर आणि मधले स्टडसुद्धा सामाईक. त्या स्टडवर जाड मोठे वॉशर असतात, अर्धा वॉशर इनलेटच्या फ्लँजवर (इंजिनाला टेकणाऱ्या सपाट कडेवर) आणि अर्धा एक्झॉस्टच्या. कंपनीच्या जोडीत दोन्ही फ्लँजची जाडी सारखी असते म्हणून वॉशर सपाट बसतो आणि दोघांना सारखा दाबतो. आफ्टरमार्केट मॅनिफोल्डची फ्लँज जराशी जाड किंवा पातळ असली की वॉशर तिरका होतो, मग नट कितीही आवळा, एक बाजू घट्ट आणि दुसरी सैल. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं आणि दोष मात्र कार्बला दिला जातो. मॅनिफोल्ड उतरवा, दोन्ही फ्लँजची जाडी व्हर्नियरने मोजा, फरक असला तर जाड बाजू मशिन करून घ्या किंवा तेवढ्याच पायरीचे वॉशर लेथवर करून घ्या. फ्लँजच्या तोंडावर स्टीलची पट्टी ठेवून खालून फीलर गेज सरकतं का तेही बघा, ॲल्युमिनियमचं कास्टिंग वाकलेलं असू शकतं. गॅस्केट नवंच टाका, नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे आवळत न्या, आणि इंजिन एकदा गरम होऊन पूर्ण थंड झालं की परत एकदा आवळा.

लीक शोधायला बरेच जण कार्ब क्लीनर मारतात, कृपा करून या गाडीवर ते करू नका, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बरोब्बर खाली आहे, आग लागायला वेळ लागत नाही. साध्या स्प्रे बाटलीत पाणी घ्या, गाडी थंडीतून सुरू केल्या केल्या, एक्झॉस्ट तापायच्या आत, जोडावर बारीक फवारा मारा. आवाज बदलला, स्लो खाली-वर झाला, की तिथेच लीक. आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी हवाच, कार्बचं काम करताना तो डिकीत ठेवून चालत नाही.

पुढे कार्ब आणि मॅनिफोल्डमधला जोड. डीसीओई चार सिलिंडरच्या इंजिनावर एकदम कडक आवळायचा नसतो, व्हायब्रेशनने फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल फेसाळतं आणि ठरावीक आरपीएमला गाडी मिस होते. मध्ये ओ-रिंगवाली प्लेट, बाहेरून थॅकरे वॉशर (ते दुहेरी स्प्रिंगचे असतात ते) आणि नायलॉक नट, आणि आवळायचं एवढंच की वॉशरच्या वेढ्यांत साधारण एक मिलिमीटर फट राहील. कार्ब हाताने किंचित हलला पाहिजे. पूर्ण आवळलेत तर ओ-रिंग चेपते आणि तिथूनही हवा खेचायला लागतो.

आता एसयू काढताना सुटलेल्या नळ्या. तुमच्या १९७० च्या गाडीत क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर काढणारी नळी) एसयूच्या अंगावर जोडलेला होता, वेबरला ती सोय नाही. ती नळी मोकळी सोडली असेल तर गाडीत तेलाची वाफ येत राहील, आणि बंद केली असेल तर त्याहून वाईट, आतला दाब वाढून इंजिन जिथून मिळेल तिथून तेल गाळेल. कॅच टँक (तेल अडवणारी छोटी टाकी) लावा किंवा मॅनिफोल्डवर पीसीव्ही व्हॉल्व्ह (ती वाफ परत इंजिनात ओढणारा) लावून घ्या, फक्त पीसीव्ही लावलात तर ती हवा मिश्रणात मोजली जाते, म्हणजे तो आधी लावायचा आणि ट्यूनिंग नंतर. ब्रेक सर्व्हो असेल तर त्याची व्हॅक्यूम नळी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह जागेवर आहेत ना, आणि मॅनिफोल्डवर न वापरलेलं एखादं भोक उघडं नाही ना, हे बघा. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सला (हलक्या थ्रॉटलवर ठिणगी लवकर पाडतो तो) डीसीओईवर सहसा जागाच नसते, पुष्कळ लोक नळी बंद करून विसरून जातात. रेससाठी ते चालेल, पण रस्त्यावर क्रूझिंगला ॲडव्हान्स कमी पडतो, पेट्रोल जास्त जातं, गाडी जड वाटते. मॅनिफोल्डवरून घेता येतो, मग स्लो थोडा वाढेल तो स्क्रूने खाली घ्या, आणि टायमिंग लावताना ती नळी काढून, तोंड बंद करून लावा.

हे सगळं झालं की टॅपेट, पॉइंट, प्लग, टायमिंग. हो, कार्बच्या आधी. टॅपेट १५ थाऊ (म्हणजे इंचाचे हजारांश), पॉइंट १५ थाऊच्या आसपास. टायमिंग मागे राहिलेलं इंजिनसुद्धा मिश्रण चुकल्यासारखंच वागतं. पेट्रोलचा दाब गेज लावून बघा, वेबरला साधारण ३ पीएसआय पुरतं, ओरिजिनल एसयू पंप त्याच्या आसपासच देतो, पण कोणी नवा मोठा पंप टाकला असेल तर रेग्युलेटर हवा, नाहीतर नीडल व्हॉल्व्ह दाबाला हरतो आणि कार्ब ओव्हरफ्लो होतो. फ्लोटची उंचीही मोजून घ्या, वापरलेला कार्ब घेतलाय तर कोणी ती कशी वाकवली असेल सांगता येत नाही.

मग जेट. मिक्श्चर स्क्रू हळूच आत टेकवा आणि दीड आटे बाहेर, तिथून गरम इंजिनवर दोन्हीवर सारखंच, थोडं थोडं फिरवत स्लो सगळ्यात गुळगुळीत जिथे लागतो तिथे थांबा. अडीच-तीन आटे बाहेर काढूनच बरं वाटत असेल तर आयडल जेट लहान आहे, एका आट्याच्या आत येत असेल तर मोठा. तुमच्या गचक्यांवर, लीक नसेल तर, इलाज इथेच आहे : ५० असेल तर ५५ लावून बघा, किंवा आकडा तोच ठेवून एफ८ च्या जागी एफ९ (आयडल जेटच्या हवेच्या भोकाचा नंबर), तो जरा रिच असतो, म्हणजे पेट्रोल जास्त देतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. अचानक ॲक्सिलरेटर दाबल्यावरच अडखळत असेल तर तो पंप जेटचा विषय, तो यात मिसळू नका. मेनची पाळी शेवटी, फुल थ्रॉटलवर, आणि त्याची सुरुवात चोकच्या आकड्याची चौपट, म्हणजे ३६ ला १४४, जवळचा १४५. एअर करेक्टर (मेनच्या पेट्रोलात हवा मिसळणारा जेट) साधारण त्याच्यावर पन्नास. तुम्ही सुरू केलेला आकडा बरोबरच होता. वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) मिळाला तर फुल थ्रॉटलला १२.५ ते १३ बघा.

अजून एक गोष्ट, ही या इंजिनाची स्वतःची आहे. चार सिलिंडरना इनलेट पोर्ट दोनच, १-२ चा एक आणि ३-४ चा एक, आणि फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे २ ने हवा ओढली की लगेच १ ओढतो, ३ च्या मागोमाग ४, आणि मग बराच वेळ तो पोर्ट शांत. एका नळावर दोन बादल्या पाठोपाठ लावल्या आणि मग नळ तसाच सोडून दिला, असा प्रकार. त्यामुळे जोडीतल्या पहिल्याला आणि दुसऱ्याला मिळणारा घास कधीच अगदी सारखा नसतो. मॅनिफोल्ड कुठल्याही कंपनीचा घ्या, हे जात नाही, ते हेडमध्येच आहे. म्हणून प्लग वाचताना चारही एकाच रंगाचे व्हावेत म्हणून जिवाचा आटापिटा करू नका. १ आणि ४ एकमेकांसारखे हवेत, २ आणि ३ एकमेकांसारखे. १-२ मिळून एका रंगाचे आणि ३-४ वेगळे दिसले तर मात्र बॅलन्स, जेट किंवा त्या बाजूचं लीक बघा.

पॉवरचं खरं सांगतो, तुम्ही विचारलंत म्हणून. सुरुवातीच्या एमजीबीला कंपनीने ५४०० आरपीएमला ९५ बीएचपी सांगितली होती, आणि ती या दोन एसयूंवरच. स्टँडर्ड कॅम आणि स्टँडर्ड हेडवर नुसता मॅनिफोल्ड आणि वेबर बदलून मोठी उडी मिळत नाही, अडतं ते हेडच्या पोर्टमध्ये आणि कॅमवर. थ्रॉटलचा रिस्पॉन्स छान होतो, आवाज तर वेडच लावतो, आणि पुढे हेडचं काम आणि कॅम करणार असाल तर ही पहिली पायरी म्हणून योग्यच आहे. पण तेवढ्यावरच थांबणार असाल तर नीट लावलेले दोन एसयू मला आजही जास्त आवडतात, ते हवेच्या ओढीप्रमाणे आपला चोक आपोआप लहान-मोठा करतात आणि रोजच्या चालवण्यात फार कमी त्रास देतात. काढलेले एसयू विकू नका एवढंच. आणि गाडी ४० वर्षांवरची म्हणून एमओटी (ब्रिटनमधली गाडीची वार्षिक तपासणी) लागत नसला तरी इन्शुरन्सवाल्यांना हा बदल कळवा, क्लेमच्या वेळी तेच आड येतं.

प्रश्न (फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया) : माझी १९७७ ची एमजीबी, रबर बंपरची, सिंगल झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग. पिकअप नाहीच. वेबरचं मॅनिफोल्ड किट ऑनलाइन बघितलंय, ऑर्डर करू का?

उत्तर : थांबा. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग चेकमधून (धुराच्या सरकारी तपासणीतून) सूट आहे, तुमची १९७७ ची, म्हणजे तुम्हाला चेक लागतोच, आणि त्यात नुसता धूर मोजत नाहीत, बोनेट उघडून बघतातही. मॅनिफोल्डला एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर नसेल तर धूर कितीही स्वच्छ असला तरी गाडी फेल. किटवाल्याला आधी तो नंबर विचारा, नसेल तर पैसे घालू नका. शिवाय तुमची लेफ्ट हँड गाडी, कार्बच्याच बाजूला स्टिअरिंग आणि ब्रेक मास्टर सिलिंडर, तिथे आडवा डीसीओई फारच दाटीने बसतो.

पिकअप नाही याची कारणं आधी आहे त्यातच शोधा. स्ट्रॉम्बर्गच्या टोपीखाली रबरी डायफ्रॅम असतो, तो फाटला की पिस्टन वर जात नाही आणि गाडी रेसच घेत नाही, पार्ट स्वस्त आहे आणि काम अर्ध्या तासाचं. डॅम्परमध्ये तेल आहे का, पाण्यावरचा ऑटोमॅटिक चोक (हा थंडीत गाडी सुरू करायचा चोक) गरम झाल्यावर पूर्ण सुटतो का, जुन्या व्हॅक्यूम नळ्या चिरल्यात का, हे बघा. त्या वर्षांच्या अमेरिकन गाडीत इनटेक आणि एक्झॉस्ट मिळून एकच कास्टिंग आहे आणि ते तडकतं, थंड असताना टॉर्च मारून नीट तपासा. पुढे कधी टेस्ट नसलेल्या राज्यात गेलात तर १९७२ ते ७४ च्या गाडीचा ट्विन एसयू एचआयएफ४ मॅनिफोल्ड, त्याच्या जोडीचा एक्झॉस्ट आणि डाउनपाइप असा पूर्ण सेट घ्या, तुमच्यासाठी मला तोच योग्य वाटतो.

प्रश्न (पुणे) : बाबांची एमजीबी आहे, वेबर ४५ वर. वर्षानुवर्षं मस्त चालायची, हल्ली पेट्रोल ई२० झाल्यापासून गरम झाल्यावर मिस होते, सिग्नलला बंद पडली की लवकर सुरू होत नाही. महाबळेश्वरला नेऊ का, जेट बदलावे लागतील का?

उत्तर : ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो त्यामुळे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७, ई२० ला साधारण १३.५, म्हणजे तुमची जुनी सेटिंग आठ-नऊ टक्क्यांनी लीन झालीय. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, १४५ म्हणजे १.४५ मिलिमीटर, आणि व्यास जरासा वाढला की क्षेत्रफळ जास्त वाढतं : १४५ चा १५० केला तर पेट्रोल सुमारे सात टक्के वाढतं. तेव्हा मेन एक पायरी वर आणि आयडल एक पायरी वर, इथून सुरुवात करा.

पण त्याच्याही आधी रबर. जुन्या नळ्या ई२० मध्ये फुगतात, आतून सुटतात आणि तो काळा चुरा जेटमध्ये जाऊन बसतो. सगळ्या नळ्या एसएई जे३० आर९ मार्किंगच्या घ्या, कार्बचं किट इथेनॉलला चालणारं घ्या, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर कार्ब रिकामा करून ठेवा, आत पांढरी पावडर धरते.

गरम झाल्यावर सुरू न होणं हे फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये गेल्याचं लक्षण. कार्ब आणि एक्झॉस्टच्या मध्ये हीट शील्ड आहे का बघा, वेबर बसवताना ते बरेचदा काढलं जातं आणि परत लागत नाही. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब फिरवा. सुरू करताना ॲक्सिलरेटर पंप करू नका, दर वेळी पंप जेट आत आणखी पेट्रोल टाकतो, पेडल अर्धं दाबून तसंच धरा आणि स्टार्टर मारा.

महाबळेश्वरला जरूर न्या. पुणे साधारण ५६० मीटरवर, महाबळेश्वर १३७० च्या आसपास, वर हवा सात-आठ टक्के विरळ, आणि मिश्रण त्याच्या निम्म्याने, तीन-चार टक्के रिच होतं. तेवढ्यासाठी घाटात जेट बदलायची गरज नाही, पुण्याला नीट लावलेली गाडी वर चालते. पसरणीचा घाट चढताना टेंपरेचरच्या काट्यावर लक्ष असू द्या आणि वर पोचल्यावर लगेच बंद न करता मिनिटभर स्लोवर चालू ठेवा.