फोर डी करू की साधीच पुरे?

मागच्या अंकात सोनोग्राफीवर चार ओळी काय लिहिल्या, मेसेज यायचे थांबेचनात, आणि बहुतेकांचा सूर एकच की फोर डी म्हणजे सगळ्यात वरची तपासणी ना? म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच दिलीय. नावं नेहमीसारखीच छापत नाही.

प्रश्न : मला १८ आठवडे झालेत. डॉक्टरनी अ‍ॅनोमली स्कॅन (बाळाचे अवयव नीट आहेत ना ते बघायची सोनोग्राफी) सांगितलाय. माझ्या जावेने सातव्या महिन्यात फोर डी केलेली, बाळाचा चेहरा एकदम क्लिअर आलेला. घरचे म्हणतात चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलीय, आता कशाला धावपळ, सातव्यात फुलां माळायचा कार्यक्रम झाला की एकदाच फोर डी करू, दोन्ही कामं होतील आणि पैसे पण वाचतील. चालेल का? (फोंडा)

उत्तर : नाही चालणार बाय. चवथीच्या आधीच जाऊन ये.

आधी हे डीचं प्रकरण समजून घे. टू डी म्हणजे ती नेहमीची काळी-पांढरी, बाळाचे आतले काप दाखवणारी, आणि हो, ती पण लाइव्हच असते, हृदय धडधडताना त्यातही दिसतं. थ्री डीत मशीन असे भरपूर काप जोडून उठावदार चित्र तयार करतं, आणि तेच चित्र सारखं बदलत हलताना दिसायला लागलं की झाली फोर डी, चौथी मिती म्हणजे वेळ. तो सोनेरी-तपकिरी रंग कंप्युटरने भरलेला असतो.

आता अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये बघतात काय तर मेंदूतल्या पोकळ्या, पाठीचा कणा, हृदयाचे चार कप्पे आणि तिथून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, किडन्या, पोटाची भिंत, हातपाय, वार (प्लॅसेंटा) कुठे चिकटलीय ते. यातलं बरंचसं आत असतं, वरून फोटो काढून कळणारं नाही, म्हणून मुख्य काम टू डीच करते. ओठ फाटलेला वाटला, कण्यात काही शंका आली किंवा हृदयाच्या नसांची रचना नीट लागत नसेल तर थ्री डी-फोर डीची खरंच मदत होते, पण टाळूची फट तिच्यातही निसटू शकते. त्यामुळे गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा म्हापशाच्या आझिलो हॉस्पिटलात अनुभवी डॉक्टरने निवांत बघून केलेली साधी सोनोग्राफी ही दहा मिनिटांत पेनड्राइव्ह हातात देणाऱ्या फोर डीपेक्षा मला कधीही चालेल.

आणि थांबायचं का नाही तर, या स्कॅनची वेळ १८ ते २० आठवडे. काही गंभीर निघालं तर पुढच्या तपासण्या, दुसऱ्या डॉक्टरचं मत, सगळ्याला दिवस लागतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये ठराविक गटातल्या बायकांसाठी दोन डॉक्टरांचं लागतं, आणि २४ च्या पुढे बाळात मोठं व्यंग असेल तर मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. सातव्या महिन्यात पहिल्यांदा कळलं तर हातात काय राहतं सांग.

चेहरा मात्र साधारण २६ ते ३० आठवड्यांत छान दिसतो हे खरं, गालावर थोडी चरबी आलेली असते. पण चेहऱ्यासमोर पाणी हवं. बाळ पाठीकडे तोंड करून बसलं, हात आडवा आला किंवा वार नाकाला टेकली की कितीही महागडं मशीन असो, काही दिसत नाही. गालाला भोक दिसलं, अर्धं कपाळच नाही म्हणून रडत आलेल्या बायका मी पाहिल्यात, ते बहुतेक वेळा सावलीमुळे अर्धवट जुळलेलं चित्र असतं, टू डीत परत बघितलं की उलगडा होतो.

प्रश्न : माझी मुलगी पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला असते. तिला तिथे विसाव्या आठवड्यात मुलगा की मुलगी ते सांगितलं, आणि चेहऱ्याचा व्हिडिओ तर तिने वेगळ्या दुकानात जाऊन काढला! इथे माझ्या सुनेला काहीच सांगत नाहीत, वर फॉर्म भरून घेतात. आणि इतक्या वेळा मशीन लावून बाळाला किरण लागत नाहीत का? (पेडणे)

उत्तर : काकी, किरण नाहीत, हा एक्स-रे नव्हे. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी असतात. डॉक्टरने कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीने बाळाला अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. पण या लहरींनी पेशी थोड्या तापू शकतात, म्हणून नियम असा की लागेल तेवढाच वेळ आणि कमीत कमी पॉवर. नुसत्या हौसेच्या व्हिडिओला अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय मशीनवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएनेही नको म्हटलंय.

लिंगाचं म्हणाल तर आपल्याकडे १९९४ चा पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा कायदा आहे, गर्भातच मुली मारल्या जात होत्या म्हणून तो करावा लागला. गरोदर बाईची सोनोग्राफी नोंदणी असलेल्या सेंटरमध्येच होते, कशासाठी केली ते एफ फॉर्ममध्ये लिहावं लागतं, त्यामुळे व्हिडिओचं दुकान इथे चालत नाही. डॉक्टरने शब्दाने, खुणेने, कसंही सांगणं गुन्हा, आणि विचारायला लावणारे घरचे पण सुटत नाहीत, पहिल्याच वेळी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. तेव्हा काकी, तपासणाऱ्या डॉक्टरला आडून आडून पण विचारू नका हं.

प्रश्न : वय ३१, दोनदा गर्भ पडला. साध्या सोनोग्राफीत पिशवीत पडदा असल्यासारखं वाटतंय म्हणाले. एक डॉक्टर दुर्बिणीने बघू म्हणतात, दुसरे म्हणतात आधी थ्री डी. (डिचोली)

उत्तर : आधी थ्री डी. मला विचाराल तर या मशीनचा खरा उपयोग बाळाच्या फोटोपेक्षा इथे जास्त आहे. पिशवीच्या आत पडदा आहे की पिशवीच वरून दोन शिंगांसारखी दुभंगलीय, हा फरक टू डीत नीट लागत नाही कारण पिशवी समोरून दिसतच नाही. थ्री डीत तो समोरचा काप मिळतो, आतली पोकळी आणि बाहेरचा आकार दोन्ही एकत्र. योनीमार्गे करतात, लघवी करून जायचं, आणि पाळीच्या दुसऱ्या अर्ध्यात गेलात तर अस्तर जाड असल्याने चित्र चांगलं येतं. दुभंगलेल्या पिशवीला सहसा ऑपरेशन लागत नाही, पडदा दुर्बिणीने कापता येतो. पण घाई नको, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पडदा कापल्याने मूल जन्मण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नव्हतं, त्यात बायका थोड्याच होत्या म्हणून वाद अजून चालू आहे. हे डॉक्टरशी बोला, आणि वारंवार गर्भ पडायची बाकीची कारणं पण तपासून घ्या, थायरॉइड, शुगर, रक्ताच्या गुठळ्यांशी संबंधित टेस्ट.

प्रश्न : पीसीओडीसाठी (अंडाशयाचा, पाळी अनियमित करणारा त्रास) फोर डी करावी का? (वास्को)

उत्तर : नको. साधी पुरते. थ्री डी लागते ती वेगळ्या कामाला, म्हणजे कॉपर-टी वाकडी बसलीय का, तिचे हात कुठे रुतलेत का, ते बघायला ती चांगली.

प्रश्न : वय ५४, तीन बाळंतपणं, एक चिमटा लावून. खोकलं, शिंकलं की लघवी होते, खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. कदंबा बसमध्ये दोन तास बसायची भीती वाटते. मुलगी म्हणते यालाही फोर डी असते. सांगायला लाज वाटते. (काणकोण)

उत्तर : मावशी, लाज कसली, तुमच्या वयाच्या कितीतरी बायका हे सोसतायत आणि बोलत नाहीत. मुलीचं बरोबर आहे, प्रोब (मशीनचा दांडा) बाहेरूनच दोन्ही मांड्यांच्या मध्ये ठेवून तुम्हाला जोर करायला, मग आवळून धरायला सांगतात आणि मूत्राशय, पिशवी किती खाली येते, हे सगळं खालून धरून ठेवणारा स्नायू कुठे हाडापासून सुटलाय का ते हलतानाच दिसतं. चिमट्याच्या बाळंतपणात तो स्नायू सुटण्याची शक्यता जास्त असते. पण सुरुवात तिथून नको. आधी लेडी डॉक्टरकडून साधी तपासणी, लघवीची टेस्ट आणि शुगर. मग निदान तीन महिने रोज केगल व्यायाम (लघवी अडवताना आवळतो ते स्नायू आवळायचे आणि सोडायचे), कोणाकडून तरी नीट शिकून घेऊन, कारण बऱ्याच जणी आवळायच्या ऐवजी खाली जोर करतात. अंग जास्त उतरलं असेल तर आत बसवायची रिंग मिळते. एवढं करून फरक पडला नाही किंवा ऑपरेशनचा विचार चालू झाला तर फोर डी करा, आणि ही तपासणी येणारा डॉक्टर कुठे आहे ते आधी फोन करून विचारा, सगळ्या सेंटरवर करत नाहीत.