वजन जास्त आहे पण रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग खिशाला खरंच फटका बसतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: वय 34, वजन 88, दिवसभर खुर्चीत बसून काम, रिपोर्ट नॉर्मल, वर कंपनीचा मेडिक्लेम. मग वजनापायी पैसे जातात म्हणतात ते खरं, की जिमवाल्यांनी उठवलेली आवई?

खरं आहे. फक्त तुम्ही हॉस्पिटलच्या मोठ्या बिलाकडे डोळे लावून बसलाय आणि पैसे जातात ते मेडिकलच्या काउंटरवर, चारशे-सहाशे करत. आणि साधा मेडिक्लेम या खर्चाला हातही लावत नाही. तो भरती झाल्यावरचा. रोजच्या गोळ्या, रक्ततपासणी, डॉक्टरांची फी, सगळं आपल्याच पाकिटातून.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत हिशेब बघतो. दवाखान्याची बिलं मी कंदी पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात टाकत गेलो, फेकायची नाहीत एवढ्याच सवयीनं. 2024 च्या मार्चअखेरीला बायको म्हणाली, "लोकांच्या पैशाचा पैन्‌पै हिशेब ठेवता, या खोक्यात काय आहे ते बघितलंय का कधी?" बसलो एका रविवारी. तेव्हा मी 46 वर्षांचा, उंची पाच फूट सात, वजन 91.

गोळ्या बीपीच्या, शुगरच्या दोन प्रकारच्या आणि कोलेस्टेरॉलची एक: महिन्याला 1,450, म्हणजे वर्षाचे 17,400. डॉक्टरांच्या पाच फेऱ्या, पाचशेप्रमाणे 2,500. लॅबचे 5,200. घरच्या शुगर मशीनच्या पट्ट्यांचे चार डबे, 4,000. मशीन स्वस्तात गळ्यात मारतात, खरा धंदा पट्ट्यांचा. गुडघ्यासाठी हाडांचे डॉक्टर, एक्स-रे आणि दहा दिवस फिजिओ, 5,500. डोळ्याच्या पडद्याची तपासणी 900. बेरीज 35,500. त्यात एकही रात्र दवाखान्यात काढलेली नाही आणि क्लेम शून्य. एवढी रक्कम कोणी एकदम मागितली असती तर मी घरात आरडाओरडा केला असता. चिल्लरीत गेली म्हणून वर्षभर कळलंच नाही.

आता रिपोर्ट नॉर्मल असण्याबद्दल. माझेही 38 पर्यंत नॉर्मल होते. तुम्ही उंची लिहिलेली नाही, पण माझ्याएवढी असेल तर 88 किलोला तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, तिशीच्या पुढे जातो. आपल्याकडचे डॉक्टर 23 च्या वर जास्त वजन आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरतात, कारण आपल्या लोकांत कमी वजनालाच साखर वाढू लागते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र ब्रिटिश डॉक्टरांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आमच्या संस्थेतला एक शिपाई काडीसारखा आहे, फक्त पोट पुढे. त्याला माझ्याआधी शुगर लागली. तेव्हा काट्यापेक्षा टेप घ्या. पुरुषाचं पोट 90 सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या आत हवं, बाईचं 80. आणि पँटचं माप सांगू नका. आपण पट्टा पोटाच्या खाली बांधतो आणि 36 चीच पँट लागते म्हणून खूश असतो. मी पाच वर्षं हेच केलं. शेवटी शिंप्यानंच टेप बेंबीवरून फिरवला आणि काही न बोलता वहीत 41 लिहिलं.

बसून राहण्याचा तोटा वजनापेक्षा वेगळा मोजावा लागतो. जेवणातून आलेली साखर सगळ्यात जास्त उचलतात ते स्नायू, आणि त्यांना काम दिलं तर. नऊ तास खुर्चीत बसलं की मोठं गिऱ्हाईकच दुकान बंद करून झोपलेलं असतं. साखर रक्तात फिरत राहते, स्वादुपिंड इन्सुलिन ओतत राहतं आणि पोटातल्या चरबीमुळे शरीर त्या इन्सुलिनला दाद देत नाही. ही ओढाताण काही वर्षं आतल्या आत चालते. त्या काळात उपाशीपोटीचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. तुमचं तसंच असेल असं मी म्हणत नाही, पण पुढच्या वेळी साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणीही (एचबीए1सी) करून घ्या. गुडघ्याचं गणित आणखी सरळ आहे: एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. माझे 5,500 रुपये त्या चारपटीतच गेले.

मेडिक्लेमबद्दल दोन गोष्टी. कंपनीची पॉलिसी नोकरीपुरती. नोकरी गेली की तीही गेली, आणि चाळिशीत शुगर-बीपी घेऊन नवी काढायला गेलात की जादा हप्ता लावतात. मला लावला. शिवाय आधीपासून असलेल्या आजारांसाठी थांबावं लागतं. ही मुदत 2024 पासून जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, आधी चार होती. फॉर्ममध्ये वजनाचा रकाना येतो. आमचा एजंट म्हणाला, "साहेब, 84 लिहा, कोण बघतंय." मी 91 लिहिलं. बघतात, क्लेमच्या वेळी बघतात. तुमच्याकडे आज नॉर्मल रिपोर्ट आहेत ना, मग स्वतःची वेगळी पॉलिसी आजच काढा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही शून्य झालाय, आधी 18 टक्के होता.

वजन कमी करण्याचं ऑपरेशन विम्यात बसतं का हेही लोक विचारतात. पॉलिसीत ते असेल तरी अट कडक असते: बीएमआय 40 किंवा जास्त, नाहीतर 35 आणि सोबत हृदयविकार, आटोक्यात न येणारी शुगर, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असलं काहीतरी, तेही बाकी उपाय करून थकल्यावर. वजन उतरवणाऱ्या हल्लीच्या इंजेक्शनांचं म्हणाल तर मौंजारो मार्च 2025 मध्ये आपल्याकडे आलं तेव्हा सर्वात कमी मात्रेची कुपी 3,500 रुपयांना होती आणि ती आठवड्याला एक लागते. महिन्याचे चौदा हजार, आणि सोडलं की बऱ्याच जणांचं वजन परत चढतं. ज्याला खरी गरज आहे आणि परवडतं त्याने डॉक्टरांना विचारून घ्यावं. मी नावं ठेवणार नाही. मेव्हण्याला झोपेत श्वासासाठी मशीन लावावं लागतं, त्याच्यावर हसणं मी केव्हाच सोडलं.

मी काय केलं? आधी मूर्खपणा. 9,000 रुपये भरून वर्षाची जिम लावली आणि अकरा दिवस गेलो, म्हणजे दिवसाला 818 रुपये. नंतर अजिंक्यतारा. जन्म गावात गेला, पण रोज सकाळी किल्ला चढणाऱ्यांकडे मी चहा पीत खालूनच बघायचो. पहिल्या दिवशी चार भिंतींच्या स्मारकापर्यंत पोचेपर्यंत तीनदा बसलो. सत्तरीचे एक आजोबा मागून आले, "बसा, घाई नाही, किल्ला कुठं जात नाही," म्हणून पुढे गेले. सहा महिन्यांनी किल्ल्यावरच्या मंगळाईच्या देवळापर्यंत न थांबता जाऊ लागलो. रात्रीचा भात अर्ध्यावर आणला, जेवणानंतर पंधरा मिनिटं गल्लीत फेऱ्या. दोन वर्षांत 91 चे 80 झाले. शुगरची एक गोळी डॉक्टरांनी बंद केली, बीपीची मात्रा कमी केली. स्वतःच्या मनानं यातलं काही करू नका.

गेल्या वर्षीचं खोकं: गोळ्या महिना 640 प्रमाणे 7,680, डॉक्टर 1,500, लॅब 3,600, पट्ट्या 2,000, डोळे 900. एकूण 15,680. फरक 19,820. मात्र सगळी जमा वजनाच्या खात्यावर टाकली तर खोटी एंट्री होईल. मधल्या काळात मी जनऔषधी केंद्रातून गोळ्या घ्यायला लागलो, त्यातच महिन्याचे चारशे वाचतात. ते 4,800 वजा केले की वजनाचे आणि चालण्याचे उरतात पंधरा हजार वीस.

आणि सगळ्यांचं असंच होईल असंही नाही. माझ्या वडिलांना शुगर होती, त्यामुळे 80 किलोवर येऊनही शुगरची दुसरी गोळी सुटलेली नाही, सुटेल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. 34 व्या वर्षी चढायला लागलो असतो तर कदाचित पट्ट्यांचा पहिला डबा आणखी दहा वर्षांनी घेतला असता. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, साखर काठावर असलेल्या लोकांनी सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं ठरवलं, तर मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. तुमच्या 88 चे सात टक्के म्हणजे सहा किलो.

वरच्या हिशेबात बूट धरलेले नाहीत. पहिली जोडी 2,800 ची. उतरताना टाच घासते, त्यामुळे गेल्या महिन्यात दुसरी घ्यावी लागली. ते बिल पेढ्याच्या खोक्यात टाकायचं की नाही, यावर घरात अजून वाद चालू आहे.