हार्ड मोड लावू की नको?

ताई, तुमचं वर्डल (रोजचा लपलेला पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा डावांत ओळखायचा खेळ; अक्षर बरोबर घरात असलं की हिरवं, शब्दात आहे पण घर चुकलं की पिवळं, नसलं की राखाडी) 84 दिवस न चुकता सुटतंय आणि पुण्याचा भाचा म्हणतो, “मामी, हार्ड मोड नाही म्हणजे तू कच्चा लिंबूच.” म्हणून आता लावायचा का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: सध्या लावू नका. काहून, ते सांगतो.

आधी एक गैरसमज काढतो, कारण खाली प्रतिक्रियांत दोघातिघांनी चुकीचं लिहिलंय. हार्ड मोडमध्ये शब्द अवघड येत नाही. तुम्हाला आणि भाच्याला उत्तर एकच असतं, डावही सहाच. फरक एवढाच की हिरवं झालेलं अक्षर पुढच्या शब्दात त्याच घरात ठेवावं लागतं, आणि पिवळं झालेलं कुठं ना कुठं घ्यावंच लागतं. राखाडी अक्षर परत टाकलं तर तो अडवत नाही, ते आपलं आपण सांभाळायचं. पहिला शब्द टाकायच्या आधीच हा मोड लावावा लागतो. निकाल पाठवला की आकड्यापुढं एक चांदणी दिसते. भाच्याचा सगळा तोरा त्या चांदणीचा.

मग हार्ड मोडमध्ये आपलं जातं काय? तर मुद्दाम वाया घालवायचा शब्द, म्हणजे उत्तर नाही हे माहीत असून नुसती अक्षरं तपासायला टाकलेला. तो किती कामाचा असतो हे मला 2022 च्या मार्चमध्ये कळलं. गव्हाला शेवटचं पाणी चाललं होतं, आमच्या फिडरला त्या आठवड्यात लाईन रात्रीची. मोटर चालू करून धुऱ्यावर बसलो होतो. नवा शब्द रात्री बाराला येतो, म्हणजे ओलिताच्या माणसाला सोयीचाच. तिसऱ्या डावात ‘ॲच’ पूर्ण हिरवं: ए, टी, सी, एच. फक्त पहिलं घर रिकामं. म्हटलं, झालं काम. चौथा डाव ‘मॅच’. नाही. पाचवा ‘कॅच’. नाही. सहावा ‘पॅच’. उत्तर होतं ‘वॉच’ (उच्चार वेगळा, पण स्पेलिंगात शेवटी तेच ए, टी, सी, एच). 41 दिवसांची साखळी गेली, आणि त्या नादात सरीचं पाणी फुटून शेजाऱ्याच्या हरभऱ्याच्या गंजीपर्यंत गेलं. ते दुसरं भांडण वेगळं.

आता हिशोब पाहा. त्या रिकाम्या घरात बसणारे शब्द सात: बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच. माझ्याकडं डाव तीन. हार्ड मोडमध्ये एका डावात एकच अक्षर तपासून होतं, म्हणजे सातातले तीन, बाकी नशीब. साध्या मोडमध्ये चौथ्या डावाला ‘ब्लिम्प’ टाकला असता, तर बी, एल, एम, पी ही चार अक्षरं एका फटक्यात तपासून झाली असती. ब्लिम्प म्हणजे फुग्यासारखं विमान. मी जन्मात पाहिलं नाही, पण त्या रात्री कामाला आलं असतं.

मराठीत पाटीवर खेळलात तर हे लवकर ध्यानात येतं. मी पुतणीला तसंच शिकवलं. शेवटची दोन अक्षरं ‘रम’ मिळाली. मग गरम, नरम, शरम, परम, चरम. पोरगी एकेक करून विचारत बसली. तिला म्हटलं, ‘नगर’ टाक की! न आणि ग दोन्ही एकदम कळतात. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी कॉपीच पुरवतोय.

दुसरं, आपलं इंग्रजी. हा खेळ जॉश वॉर्डलनं त्याच्या जोडीदार पलक शाहसाठी बनवला. पाच अक्षरांचे बारा हजारांच्या आसपास शब्द तिनं पाहिले आणि ओळखीचे वाटले तेवढे अडीच हजारांच्या घरातले ठेवले. पुढं 2022 च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सनं खेळ विकत घेतला, तरी उत्तरं बहुतेक नेहमीच्या वापरातलीच येतात. म्हणजे उत्तराला आपण कमी पडत नाही. आपण पाचवीपासून एबीसीडी गिरवलेली माणसं कमी पडतो ते मधल्या शब्दांना. तीन अक्षरं अमुक घरात धरून चौथा शब्द आठवायचा, तिथं डोकं बंद पडतं. हार्ड मोड नेमका तिथंच आवळतो.

म्हणून मी करतो ते करा. मोड साधाच ठेवा, पण पहिले तीन डाव हार्डच्याच नियमानं खेळा, कोणी बळजबरी करत नसताना. चौथ्याच्या आधी थांबा. उरलेले डाव मोजा, बसणारे शब्द कागदावर मांडून मोजा. शब्द डावांपेक्षा जास्त निघाले, तर एक वाया घालवा. कमी किंवा सारखे असतील तर सरळ उत्तराच्या मागं लागा, उगाच हुशारी नको. वाया घालवायचा शब्द अनेकवचनी असला तरी चालतो. नुसता एस लावलेलं अनेकवचन उत्तर म्हणून येत नाही, पण अंदाज म्हणून खेळ घेतो.

तरी हौस असेलच, तर साखळी कधी तुटेल (तुटतेच, बाप्पा) त्याच्या दुसऱ्या दिवशी हार्ड लावा. तेव्हा फक्त एक पाळा: ‘ॲच’, ‘आइट’ (आय, जी, एच, टी), ‘आउंड’ (ओ, यू, एन, डी) अशी शेपटी दुसऱ्याच डावात हिरवी होऊ देऊ नका. बाउंड, फाउंड, हाउंड, पाउंड, राउंड, साउंड... पुढं मोजत बसाल.

आणि भाच्याला म्हणावं, तुझी साखळी किती दिवसांची आहे रे? स्क्रीनशॉट टाक.