“माझं ओझं कुणाला कशाला?”

“मी सगळ्यांसाठी धावतो, माझ्यासाठी कुणी येत नाही. माझ्यातच काही खोट आहे का?” एकट्या राहणाऱ्या माणसांकडून हा प्रश्न समुपदेशनात वारंवार येतो. पुढची हकीकत अशा अनेकांच्या अनुभवांतून जुळवलेली आहे, कुणा एकाची नाही.

वय 43, अविवाहित, पुण्यात हिशेबाची नोकरी. वडील लवकर गेले, आई मुंबईला कामाला गेली आणि हे चौथ्या वर्षापासून सांगली जिल्ह्यात मामाकडे वाढले. मामी काही वाईट नव्हती. जेवण, कपडे, शाळा सगळं मिळालं. पण वहीला पैसे मागितले की रात्री माजघरात कुजबुज व्हायची. आपण मागितलं नाही तर कुणाला जड होत नाही, हे त्या मुलानं तेव्हाच ओळखलं. त्या घरापुरतं ते खरंही होतं. घर सुटून पंचवीस वर्षं झाली, सवय मात्र तशीच राहिली.

जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं हेच मांडलं होतं. लहानपणी जवळची माणसं जशी वागतात, त्यावरून मूल सगळ्या जगाबद्दल अंदाज बांधतं आणि मोठेपणीही त्याच अंदाजानं चालतं. या गृहस्थांचा अंदाज असा: माणसं नाही म्हणणारच, मग विचारायचं कशाला? कार्यालयात ते कुणाचं बिल अडलं, कुणाच्या मुलीचा प्रवेश राहिला की आधी हजर. तापानं फणफणले तेव्हा मात्र तीन दिवस कुणाला कळवलं नाही, आणि चौथ्या दिवशी “कुणी विचारलंसुद्धा नाही” म्हणून खट्टू झाले.

पहिल्या भेटीत नैराश्याची तपासणी केली. त्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, गुण 0 ते 27. त्यांचे 11 आले, म्हणजे मध्यम. जीव नकोसा होण्याबद्दलच्या नवव्या प्रश्नाचं उत्तर शून्य होतं. तिथे शून्याहून जास्त काही असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्यावर बोलावं लागतं, गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं लागतं. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे.

नातेवाइकांचे सल्ले तयारच होते: लग्न करून टाक, कुठल्या तरी मंडळात जा. माणसं वाढवल्यानं एकटेपणा जातोच असं नाही. एकटेपणावरच्या उपायांचा 2011 साली एकत्रित आढावा घेतला गेला. नुसत्या गाठीभेटी वाढवण्यापेक्षा इतरांच्या वागण्याचा आपण लावतो तो अर्थ तपासणं जास्त परिणामकारक ठरतं, असं त्यात दिसलं. भरल्या मांडवात एकटं वाटणाऱ्याला आणखी एका मांडवात नेऊन काय होणार?

पहिला आठवडा फक्त नोंदीचा. वहीत तीन रकाने: काय घडलं, मी काय अर्थ लावला, पुढे काय केलं. सात दिवसांत 19 नोंदी झाल्या. त्यातल्या 13 ठिकाणी समोरचा काही बोललाच नव्हता, नकार यांनीच गृहीत धरला होता. रविवारी दुपारी दोन ते सहा ही वेळ सगळ्यात वाईट, हेही वहीतूनच कळलं.

मग मागण्याचा सराव. मागणं इतकं लहान हवं की नकार आला तरी काही बिघडणार नाही. सुरुवात शेजारच्या काकूंकडे चमचाभर विरजण मागण्यापासून झाली. आधी वहीत लिहायचं, नकाराची शक्यता किती टक्के? त्यांनी लिहिलं 80. काकूंनी विरजण दिलं, वर “दूध फार तापलेलं नको, कोमट असू द्या” असंही सांगितलं. पुढे सहकाऱ्याकडे गाडीवरून स्टेशनपर्यंत सोडण्याची विनंती, मग दातांच्या डॉक्टरांकडे सोबत. आठवड्याला दोनच मागण्या. एकदम मोठी उडी घेतली आणि ती फसली, तर जुना धडा दुप्पट पक्का होतो.

चौथ्या आठवड्यात घसरण झालीच. एका सहकाऱ्यानं व्हॉट्सॲपवर निरोप वाचला, उत्तर दिलं नाही. हे आठवडाभर डबा घेऊन जागेवरच बसले, आणि अबोला समोरच्याच्या लक्षातही आला नाही. त्यानंतर नियम ठरला: उत्तर नाही आलं तर दुसरी तीन शक्य कारणं लिहायची, दोन दिवस थांबायचं आणि एकदा सरळ विचारायचं. “अरे, विसरलोच की,” एवढंच निघालं.

दुसरी अडचण पैशाची. चहाचं बिल नेहमी हेच भरत, उसनेही देत. याला ते चांगुलपणा म्हणत. आम्हाला ती लाच वाटली, नकार टाळण्यासाठी आगाऊ भरलेली. महिनाभर दर तिसरा चहा दुसऱ्यानं पाजायचा, असं ठरलं. सगळ्यात अवघड हेच गेलं.

रविवारसाठी पर्वती निवडली. 103 पायऱ्या, सकाळची ठरलेली वेळ, तेच तेच चेहरे. ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला साधारण 50 तास आणि घट्ट मैत्रीला 200 हून अधिक तास लागतात, असं जेफ्री हॉल यांचं 2018 चं संशोधन सांगतं. आठवड्याला दोन तास धरले तर साध्या मैत्रीलाच सहा महिने झाले. हा हिशेब कागदावर मांडल्यावर हिशेबनीस माणूस जरा सैलावला. दोन महिन्यांत कुणी जिवलग झालं नाही, यात खोट कसली?

चौदाव्या भेटीला गुण 5 वर आले होते. दिवाळी तोंडावर होती म्हणून चार दिवसांचा कागद केला: कोणत्या दिवशी कुणाकडे, आणि कुणाला घरी बोलवायचं. तीन दिवस भरले. भाऊबीजेपुढे पेन बराच वेळ थांबलं. मग त्यांनी मामेबहिणीचं नाव लिहिलं आणि त्यापुढे, सवयीनं, नकाराची शक्यता: 60 टक्के.