प्रौढांना संख्याज्ञान शिकवताय? सुरुवात नोटांपासून करा

'उल्लास' या केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या चाचणीत १५० पैकी ५० गुण संख्याज्ञानाचे. घाबरू नका, बाजारहाट करणाऱ्या ताई-आजींना तोंडी हिशेब येतोच. अडतं ते कागदावर. म्हणून पहिल्याच दिवशी पाढे नकोत.

- चार दहाच्या नोटा आणि रुपयाची तीन नाणी मांडा. 'त्रेचाळीस' म्हणताना तीन आधी ऐकू येतो, म्हणून हमखास ३४ लिहिलं जातं. 'एकोणचाळीस' तर आणखी फसवं: चाळीसातून एक नाणं काढूनच दाखवा.
- पावकिलो, दीडशे, पावणेदोनशे आधी बोलून घ्या. मग २५० ग्रॅम, १५०, १७५ लिहा.
- हातचा शिकवताना दहा नाण्यांच्या बदल्यात एक नोट द्या.

चुकलेलं उत्तर तुम्ही खोडू नका, त्यांनाच पुन्हा मोजू द्या. भागाकाराची घाई अजिबात नको.