‘भ्रष्ट’ म्हणजे कशापासून ढळलेला?

प्रश्न : भ्रष्टाचार म्हणजे लाच घेणं, एवढाच अर्थ आहे का?

बातम्यांत तेवढाच उरला आहे. मूळ धातू ‘भ्रंश्’ : खाली पडणं, निसटणं. त्यावरून भ्रष्ट, आणि त्याला आचार जोडून भ्रष्टाचार. यात पैसा कुठेच नाही. भ्रष्ट शब्द दिसला की आधी विचारावं, कशापासून? पद गेलेला पदभ्रष्ट, जागा सुटलेला स्थानभ्रष्ट. गीतेच्या सहाव्या अध्यायातला योगभ्रष्ट तर दुर्जन नव्हेच. साधना अर्ध्यावर सुटलेला तो माणूस पुढच्या जन्मी शुद्ध, संपन्न घरात जन्मतो. जुन्या मराठीत बाटलेल्यालाही भ्रष्ट म्हणत. तिथला ठपका सोवळ्याओवळ्याचा होता, सचोटीचा नव्हे.

प्रश्न : ‘भ्रष्टाचार’ की ‘भ्रष्ठाचार’?

ट. भ्रंश् धातूला ‘त’ प्रत्यय लागला की अनुनासिक गळतं, श्‌चा ष् होतो आणि त्या ष्‌च्या शेजारामुळे त‌चा ट. नष्ट, दृष्ट हे असेच झाले. श्रेष्ठ, कनिष्ठमधला ठ ‘इष्ठ’ या वेगळ्या प्रत्ययाचा. त्या शब्दांच्या सवयीने हात चुकतो. आणि ‘भृष्ट’ लिहिलंत तर अर्थ होतो भाजलेला!

प्रश्न : स्मृतिभ्रंश आणि अपभ्रंश यांचं याच्याशी नातं आहे का?

सख्खं. भूगर्भशास्त्रात खडकाचे थर तुटून सरकतात, त्यालाही भ्रंशच म्हणतात. अपभ्रंशाची गंमत वेगळी. पतंजलीने महाभाष्य या संस्कृत व्याकरणाच्या ग्रंथात ‘गौः’ या एकाच शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अपभ्रंश दिले आहेत. वैयाकरणाच्या लेखी ही घसरण, पण आपली ‘गाय’ त्या ‘गावी’च्याच वाटेने घरी आली.

प्रश्न : मग ‘लाच’ कुठून आला? तक्रारीत कोणता शब्द लिहावा?

संस्कृत लञ्चा, प्राकृत लंचा, मराठी लाच. पञ्चचं पाच झालं तसंच : अनुनासिक गेलं, आधीचा स्वर लांबला. तक्रारीत नुसतं ‘भ्रष्टाचार केला’ लिहिलं तर नेमकं काय घडलं ते कळत नाही. ‘लाच मागितली’ असं लिहून कोणत्या कामासाठी, किती रुपये, कोणत्या तारखेला, कुठे, हे द्यावं. 1988च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात 2018 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर 7 दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवावं लागतं.