वाचकांचे प्रश्न : बेटावरची भीती आणि शंखाचा मान

प्रश्न : आमच्या वाचनगटाने या उन्हाळ्यात विल्यम गोल्डिंगची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ (१९५४) ही कादंबरी घ्यायचं ठरवलं आहे. ‘माणूस मुळात वाईट, एवढंच तर सांगायचंय, मग तीन बैठका कशाला?’ असं दोघातिघांचं म्हणणं. चर्चा कशी चालवावी?
– एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : एवढंच सांगायचं असतं तर गोल्डिंगला बारा प्रकरणं लागली नसती. निर्जन बेटावर अडकलेली ही शाळकरी मुलं पहिल्याच दिवशी सभा भरवतात, राल्फला पुढारी निवडतात आणि लगेच दुसऱ्या सभेत, शंख ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं, असा नियम करतात. म्हणजे नियम त्यांना येतात. ते कोणत्या क्रमाने मोडतात, हा कादंबरीचा विषय आहे. तो क्रम धरून बोललात तर तीन बैठका कमीच पडतील.

एका बैठकीला चार प्रकरणं, दीड तास आणि आठ-दहा माणसं ठेवा. गट त्याहून मोठा झाला की तिघेचौघेच बोलतात, बाकीचे ऐकतात. प्रत्येकाने घरूनच वहीत तीन रकाने भरून आणावेत : शंख कोणाकडे आहे, सुटकेसाठी पेटवलेल्या आगीकडे कोण बघतंय आणि बेटावरचं ‘श्वापद’ या प्रकरणात नेमकं काय असल्याचं सांगितलं जातंय. तिसरा रकाना अजिबात वगळू नका. दुसऱ्या प्रकरणात चेहऱ्यावर डाग असलेला एक लहान मुलगा सापासारखं काहीतरी दिसल्याचं सांगतो. त्याच दिवशी मुलांनी पेटवलेली आग जंगलात पसरते आणि तो मुलगा पुन्हा कोणाला दिसत नाही. बेटावरचा पहिला बळी मुलांच्याच हातून गेला. त्याबद्दल पुढे कोणी तोंड उघडत नाही, श्वापदाबद्दल मात्र सगळे बोलत राहतात. पाचव्या प्रकरणात ते समुद्रातून येणारं होतं. सहाव्यात ते डोंगरावर दिसतं. तिथे खरं तर पॅराशूटसकट अडकलेलं एका माणसाचं प्रेत आहे. दहाव्यात शिकारी मुलांचा म्होरक्या जॅक सांगतो की ते वेश पालटून आलं होतं. श्वापदाचं रूप बदलतं तसतसं जॅकचं वजन वाढत जातं. हे रकान्यात ओळीने लिहिलं की वेगळं समजवावं लागत नाही.

पाचव्या प्रकरणातल्या सभेला किमान वीस मिनिटं द्या. राल्फ ही सभा संध्याकाळी बोलावतो. पिण्याचं पाणी, झोपड्या, शौचाची जागा, आग, असे मुद्दे तो एकेक करून नीट मांडतो आणि भीतीचा विषय सगळ्यात शेवटी ठेवतो. तोवर अंधार पडलेला असतो. हाच विषय भर दुपारी निघाला असता तर सभा तशी उधळली असती का, यावर गटात मतभेद होतील. होऊ द्यावेत.

चर्चा बिघडते ती बहुधा दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे शंख म्हणजे लोकशाही, चष्मा म्हणजे विज्ञान अशा जोड्या लावल्या जातात आणि दहा मिनिटांत बोलणं संपतं. असं झालं की दहाव्या प्रकरणाकडे वळा. जॅकची टोळी रात्री झोपडीवर धाड घालते, तेव्हा राल्फच्या बाजूच्या, चष्मा लावणाऱ्या पिगीला वाटतं की ते शंखासाठी आले. ते नेतात त्याचा चष्मा, कारण भिंगाने आग पेटते. शंखाला त्यांच्या लेखी आता काही किंमतच नाही, म्हणून तो चोरायचीही गरज नाही. दुसरं, नवव्या प्रकरणातला सायमन नावाच्या मुलाचा खून सगळे मिळून जॅकच्या माथी मारतात. मजकूर तसं म्हणत नाही. राल्फ आणि पिगीही त्या वादळात, त्या नाचाच्या रिंगणात होते, आणि दुसऱ्या दिवशी पिगी त्याला अपघात म्हणतो. हे वाक्य गटातल्या कोणालातरी मोठ्याने वाचायला लावा.

प्रश्न : ‘भय आणि सामाजिक व्यवस्था’ यावर याच कादंबरीच्या आधारे सुमारे ४०० शब्दांचं उत्तर लिहायचं आहे. माझं उत्तर दर वेळी कथासार होतं.
– एम. ए.ची विद्यार्थिनी, महाल

उत्तर : सगळी कथा हातात घेतली की कथासारच होणार. एकच पात्र घ्या : रॉजर, पुढे जॅकच्या टोळीत जाणारा मुलगा. त्याचे तीन प्रसंग उत्तराला पुरतात. चौथ्या प्रकरणात तो लहानग्या हेन्रीच्या दिशेने दगड फेकतो, पण नेम चुकवून. हेन्रीभोवती साधारण सहा यार्ड व्यासाची जागा अशी आहे की तिच्यात दगड टाकायला त्याचा हात धजत नाही. पोलीस, शाळा, आईवडील यांतलं कोणीही बेटावर नसताना त्यांचा धाक त्याच्या हातात शिल्लक आहे. दहाव्या प्रकरणात त्याला कळतं की टोळीतल्याच विल्फ्रेडला बांधून ठेवलंय आणि जॅक त्याला मारणार आहे. कशासाठी, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. कारणाशिवाय शिक्षा देता येते, हे रॉजर तिथे शिकतो. अकराव्यात तो तरफेने मोठा खडक खाली ढकलतो. पिगी मरतो आणि शंखाचा चक्काचूर होतो.

प्रत्येक प्रसंगाला शंभरएक शब्द द्या, उरलेल्या शंभरात आधीचा धाक आणि नंतरची दहशत यांतला फरक मांडा. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जचं नाव पहिल्या परिच्छेदात आणू नका. उत्तर त्याच्याभोवती फिरू लागतं आणि कादंबरी बाजूला पडते.

प्रश्न : हॉब्जची ‘सर्वांचं सर्वांशी युद्ध’ ही कल्पना आणि आपला मत्स्यन्याय (मोठा मासा लहान माशाला खातो) एकच ना?
– निवृत्त शिक्षक, प्रतापनगर

उत्तर : जवळचे आहेत, एक नाहीत. हॉब्जने ‘लेव्हायथन’ हा ग्रंथ १६५१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी दोनच वर्षं इंग्लंडच्या राजाचा शिरच्छेद झाला होता. भांडणाची तीन कारणं तो देतो : स्पर्धा, परस्परांवरचा अविश्वास आणि मानाची हाव. मधलं कारण म्हणजे भीतीच. समोरचा वार करील म्हणून मी आधी करतो. त्याच्या मांडणीत व्यवस्था नसली की ही स्थिती असणारच.

महाभारतातलं शांतिपर्व दोन वेगळ्या कथा सांगतं. अध्याय ५९ प्रमाणे कृतयुगात राज्य, राजा, दंड, दंड देणारा यांतलं काहीच नव्हतं; प्रजा धर्मानेच एकमेकांचं रक्षण करीत. पुढे मोह आणि लोभ शिरले आणि ते बिघडलं. अध्याय ६७ मध्ये माणसं माशांसारखी एकमेकांना खाऊ लागतात. मग ती आपसांत करार करतात : कठोर बोलणारा, दांडगाई करणारा, परस्त्रीकडे जाणारा यांना बाहेर काढायचं. तो करार पुरत नाही म्हणून ती ब्रह्मदेवाकडे जातात आणि तो मनूला राजा व्हायला सांगतो. मनू आधी तयार होत नाही. राज्य करणं फार अवघड, त्यातल्या पापाची मला भीती वाटते, असं तो म्हणतो. तेव्हा प्रजा त्याला पशू आणि सोन्याचा पन्नासावा आणि धान्याचा दहावा भाग देऊ करते.

आम्हाला या कथेतली ही जागा सर्वांत मोलाची वाटते. इथे घाबरलेली प्रजा आहेच, पण ज्याला सत्ता देऊ केली तोही घाबरलेला आहे. जॅकला ही भीती नाही. कौटिल्याचं सूत्रही शेजारी ठेवून वाचा : तीक्ष्ण दंड देणाऱ्याचा लोकांना उद्वेग येतो, मवाळ दंड देणाऱ्याला ते जुमानत नाहीत, योग्य दंड देणारा पूज्य ठरतो. राल्फ दुसऱ्यात बसतो, जॅक पहिल्यात, आणि तिसऱ्या जागी बेटावर कोणीच नाही.

प्रश्न : प्रशांत महासागरातल्या टोंगाची मुलं खरोखरच बेटावर अडकली होती आणि गुण्यागोविंदाने राहिली. मग गोल्डिंग खोटा ठरला का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : नाही. १९६५-६६ मध्ये टोंगाची सहा मुलं ‘आता’ नावाच्या बेटावर सुमारे पंधरा महिने राहिली, आग विझू दिली नाही, कामं वाटून घेतली, हे खरं आहे. पण ती आधीपासून एकमेकांची मित्र होती आणि संख्येने सहाच. गोल्डिंगच्या बेटावर बरीच मुलं एकमेकांना अनोळखी आहेत, त्यातली पुष्कळशी अगदी लहान, आणि जॅकचा गट आधीच शिस्तीत बांधलेला. कादंबरी म्हणजे प्रयोगशाळेतला पुरावा नव्हे. टोंगाची गोष्टही सहा मुलांचीच आहे.

प्रश्न : या विषयावर मराठीत काय वाचावं?
– वरच्याच वाचनगटातून

उत्तर : आपल्या नागपूरच्या महेश एलकुंचवारांची ‘होळी’ ही एकांकिका आधी घ्या. होळीची सुटी नाकारल्यावर विद्यार्थ्यांचा घोळका कसा तयार होतो, ते दीड तासाच्या एका बैठकीत वाचून चर्चा करता येतं. नंतर तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. खोटा खटला हा खेळ म्हणून सुरू होतो. त्यात आरोपी ठरवलेली बेणारे त्यातून कोणत्या वाक्यापाशी बाहेर पडू शकली असती, ते पेन्सिलने खूण करून ठेवा. गटात प्रत्येकाची खूण वेगळ्या पानावर निघेल.

तेंडुलकरांचंच ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) शेवटी ठेवा. तिथे भीती कागदावर चालते : रात्री रस्त्यावर यायचं तर परवाना हवा, नाहीतर कोठडी. लोक चिडतात ते घाशीरामवर, पण कोतवाली त्याला नाना फडणवीसांनी दिलेली आहे, आणि जमाव दारात येतो तेव्हा त्याच्या मृत्यूच्या हुकमावर सही करणारेही नानाच. वाचताना नानांच्या प्रत्येक प्रवेशापुढे एवढंच टिपा : या क्षणी नानांना कोणाची भीती आहे?